राधाला कोणी विचारले?

आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा. त्या दीड दिवसात आम्हाला दर्शन देणाऱ्या मंडळींत एक गृहस्थ असे आहेत की त्यांना आमंत्रण लागत नाही, आणि मोदक मोजून वाढावे लागत नाहीत, कारण मोजण्यात अर्थच नसतो. हा माझा शाळेपासूनचा मित्र. खरे नाव छापले तर भांडायला येईल, म्हणून आपण त्याला बाळ्या म्हणू. आम्ही दोघेही ऐंशी ओलांडलेले; पण ज्या नावाने गल्लीत गोट्या खेळताना हाका मारल्या ते नाव बदलायला ऐंशी वर्षे पुरत नाहीत.

यंदा मोदकांचे जेवण झाले, बाळ्याने पोटावरून हात फिरवला आणि आमच्या नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या काळातला एखादा सिनेमा लावू?" हल्लीच्या मुलींना सिनेमा लावणे म्हणजे दिवा लावण्यासारखे झाले आहे. तिने बोट फिरवले आणि भिंतीवरच्या पडद्यावर उभा राहिला राज कपूरचा 'संगम'.

"चार तासांचा आहे हं," मी इशारा दिला.

"असू दे," बाळ्या म्हणाला, "मला घरी कोण वाट पाहतंय?" त्याची बायको जाऊन सहा वर्षे झाली. मी गप्प बसलो.

'संगम' 1964 सालचा. ज्यांनी पाहिला आहे त्यांना कथा सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांच्या आईवडिलांनी पाहिलेला आहे. तरी थोडक्यात सांगतो. सुंदर, गोपाळ आणि राधा ही तिघे बालपणापासूनची सवंगडी. सुंदरचे, म्हणजे राज कपूरचे, राधेवर प्रेम. तो ते झाडावर चढून, बॅगपाइप वाजवून साऱ्या नदीला ऐकवतो. राधेचे, म्हणजे वैजयंतीमालेचे, प्रेम गोपाळवर. आणि गोपाळचे, म्हणजे राजेंद्रकुमारचे, राधेवर. पण तो बोलणार नाही, कारण सुंदर त्याचा जिवलग मित्र. सुंदर हवाई दलात जातो. काश्मीरमध्ये जवानांना रसद पोचवण्याच्या धोक्याच्या कामगिरीवर निघताना तो गोपाळकडून वचन घेतो, की मी नसताना माझ्या आणि राधेच्या मध्ये कोणत्याही पुरुषाला येऊ देऊ नकोस. सुंदर गेल्याची बातमी येते. आता कुठे गोपाळ आणि राधा एकमेकांजवळ मन मोकळे करतात. गोपाळ एक प्रेमपत्र लिहितो, त्यावर सही करीत नाही. लग्नाची बोलणी व्हायची तोच सुंदर जिवंत परत येतो! गोपाळ मुकाट्याने बाजूला होतो, राधेचे लग्न सुंदरशी होते, ती दोघे युरोपला मधुचंद्र करून येतात आणि एके दिवशी ते बिनसहीचे पत्र सुंदरच्या हाती लागते. पुढे संशय, पिस्तूल आणि शेवटी गोपाळने त्याच पिस्तुलाने स्वतःला संपवणे.

आर. के.चा हा पहिला रंगीत चित्रपट. व्हेनिस, पॅरिस, स्वित्झर्लंड आमच्या पिढीने पाहिले ते यातच. आमच्या मधुचंद्राची धाव माथेरानपर्यंत. लांबी सुमारे चार तास आणि मध्यंतरे दोन. शंकर-जयकिशनचे संगीत, शैलेंद्र आणि हसरत जयपुरी यांची गीते. राज कपूरला मुकेशचा आवाज, वैजयंतीमालेला लताबाईंचा. गोपाळच्या प्रेमपत्राच्या गाण्याला रफी, पण तिघांनी मिळून म्हटलेल्या गाण्यात त्याच गोपाळला महेंद्र कपूरचा आवाज. यावरून बाळ्याने माझ्याकडून पूर्वी एकदा चहा जिंकला आहे. गोपाळची आई झाल्या आहेत आपल्या ललिता पवार. त्या पडद्यावर आल्या की आमची ही आजही सावरून बसते, म्हणते, "या बाईंचा भरवसा नाही." त्या वर्षीचे 'फिल्मफेअर'चे दिग्दर्शनाचे पारितोषिक राज कपूरला आणि अभिनयाचे वैजयंतीमालेला मिळाले.

आता आमच्या घरची बैठक पाहा. मी आणि बाळ्या आरामखुर्च्यांत, नात जमिनीवर, आणि ही स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्या उंबरठ्यात, हातात आवराआवरीचे फडके. सुंदर परत येतो आणि गोपाळ आपले प्रेम गिळून त्याला मिठी मारतो, त्या ठिकाणी बाळ्याने नेहमीप्रमाणे डोळे पुसले. मीही पुसले असते, पण उंबरठ्यातून आवाज आला :

"अहो, हे दोघं त्या राधेला एकमेकांना देताहेत की प्रसादाचा मोदक? तू घे, नाही तू घे! तिला कोणी विचारलं का?"

नात खदखदून हसली. बाळ्या मात्र हसला नाही. त्याचा पुसायचा राहिलेला डोळा तसाच राहिला आणि तो माझ्याकडे पाहू लागला. मी पडद्याकडे पाहू लागलो. त्याचे कारण सांगायचे तर मला साठ वर्षे मागे जावे लागेल.

1964 साली मी वीस वर्षांचा होतो. बाळ्याही तेवढाच. आम्ही गिरगावात एकाच चाळीत राहत होतो. तो दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. नुकतीच दोघांना नोकरी लागली होती आणि महिनाअखेरीला दोघांच्या खिशात मिळून एकाच्या तिकिटाचे पैसे असत. मुंबईची ट्रॅम त्याच वर्षीच्या मार्चअखेर बंद पडली होती, त्यामुळे आम्ही सिनेमाला चालतच निघालो. रांगेत उभे राहून तिकिटे मिळाली नाहीत म्हणून दुसऱ्या रविवारी पुन्हा उभे राहिलो. दोन वर्षांपूर्वीच चीनशी युद्ध झालेले. पडद्यावर हवाई दलाचा गणवेश दिसला की थिएटरात टाळ्या पडत. पण खरी टाळी पडे ती गोपाळच्या त्यागाला. खेळ सुटल्यावर बाहेर पडणारा प्रत्येक तरुण गोपाळ होऊन बाहेर पडत होता. चालण्यात एक संथपणा, चेहऱ्यावर एक दुःख. खांद्यावर शाल तेवढी नव्हती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, चाळीच्या गच्चीवर, बाळ्याने माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. समोरच्या चाळीत एक मुलगी राहत असे. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. सकाळी गॅलरीत केस वाळवीत पुस्तक वाचीत उभी राही. वाचता वाचता पान उलटायला विसरे, इतके तिचे लक्ष पुस्तकात असे. हे मला कसे ठाऊक? वाचकहो, हे ठाऊक असण्यातच सगळे आले. तिचा भाऊ माझ्याकडे गणित शिकायला येत असे. त्या निमित्ताने मी त्यांच्या घरी जाई आणि चार शब्द बोलणे होई. मी कोणाला काही सांगितले नव्हते. मुहूर्त पाहत होतो.

"तुझं त्यांच्याकडे जाणं-येणं आहे," बाळ्या म्हणाला. "एवढी चिठ्ठी तिला दे. आणि शपथ घे, हे आपल्या दोघांतच राहील. तुझ्याशिवाय माझा कोणावर विश्वास नाही."

मी शपथ घेतली. गोपाळनेच मला ती घ्यायला लावली असे म्हणा ना! त्या रात्री मी झोपलो नाही. पण खरे सांगायचे तर ते सगळेच दुःख नव्हते. त्यात थोडी ऐट होती. आपण किती मोठ्या मनाचे, हे आपल्याला कळते आहे आणि जगाला कळत नाही, याची ती ऐट. तिची मोठी सोय अशी की त्यात त्या मुलीचा विचार करावाच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती चिठ्ठी नेऊन दिली. तिने उभ्या उभ्या वाचली. मग घडी घालून माझ्या हातात परत ठेवली.

"तुमच्या मित्रांना सांगा, मला पुढे शिकायचं आहे," ती म्हणाली. "आणि तुम्हाला एक विचारू? ही चिठ्ठी देताना तुमचा चेहरा असा कशाला केला आहे? तुमचं काही म्हणणं असेल तर तुम्ही सांगा. नसेल तर पोस्टमन चिठ्ठी देतो तशी द्या."

मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "बाळ्या फार चांगला मुलगा आहे."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. पुढे आयुष्यात पुष्कळ साहेबांनी माझ्याकडे रागाने पाहिले, पण त्या पाहण्यात होती तशी निराशा कोणाच्या नजरेत दिसली नाही. "बरं," असे म्हणून ती आत गेली. वर्षभराने त्या लोकांनी जागा बदलली. ती शिक्षिका झाली, तिचे लग्न झाले, एवढे कानावर आले. बाळ्याला मी तिचा निरोप सांगितला, तो दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून मिसळ खाल्ली. माझे गुपित मी माझ्याजवळ ठेवले. साठ वर्षे ठेवले.

आता ज्यांना हा वेडेपणा वाटेल अशा तरुण वाचकांना मी एक सांगतो. त्या काळी मैत्री रोजची होती आणि प्रेम गॅलरीतले. मित्राबरोबर पंधरा वर्षे शाळा, मार, परीक्षा, उसने पैसे, घरातली आजारपणे, सगळे झालेले असे. मुलीशी झालेली बोलणी हाताच्या बोटांवर मोजावी. मग तराजूत एका पारड्यात हाडामांसाचा मित्र आणि दुसऱ्यात आपल्याच मनाने रंगवलेले चित्र. पारडे कुठे झुकणार? आमच्या चित्रपटांनी हे अचूक ओळखले होते. 'संगम'च्या चार वर्षे आधी, 1960 साली, गुरुदत्तचा 'चौदहवीं का चाँद' आला होता. लखनौ, बुरख्याआडचे सौंदर्य आणि दोन जिवलग मित्र. नवाबाने जिच्यावर जीव टाकला तीच आपली बायको आहे हे अस्लमला कळते तेव्हा तो काय करतो? बायकोने आपल्याला कंटाळून सोडावे म्हणून तवायफेच्या कोठीची वाट धरतो! आणि नवाबाला खरे उमगते तेव्हा तो हिरा गिळून जीव देतो. दोघेही एकमेकांसाठी मरायला तयार. पण घरात बसलेल्या जमीलाला खरे काय ते सांगायला दोघांपैकी एकही तयार नाही.

प्राण देणे सोपे आणि दोन वाक्ये बोलणे कठीण, असे आमच्या नायकांचे होते. 'संगम'मधला गोपाळ सुंदर परत आल्यावर एवढेच म्हणाला असता, "मित्रा, तू नसताना असे असे घडले," तर चित्रपट पहिल्या मध्यंतराला संपला असता हे खरे. सुंदर चिडला असता, रडला असता, चार महिने बोलला नसता. पण तिघेही जगली असती. राधा त्या चित्रपटात रडते, रागावते, कळवळून बोलते. लग्नानंतर घर टिकवायला गोपाळला दूर राहायलाही सांगते. सर्वांत शहाणी तीच. आणि निर्णयात तिचा वाटा सर्वांत कमी.

असो. पडद्यावर दुसरे मध्यंतर झाले. सुंदर पियानोवर बसून मैत्री तुटल्याचे गाणे म्हणू लागला आणि ऐकणाऱ्या दोघांच्या तोंडचे पाणी पळाले. त्या गाण्यात माझ्या मनाने काय उचल खाल्ली कोण जाणे! नात चहा आणायला आत गेली होती. मी हळूच म्हणालो :

"बाळ्या, तुला एक सांगायचं आहे. ती समोरच्या चाळीतली... मलाही आवडत होती."

बाळ्याने पडद्यावरची नजर काढली नाही. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"चिठ्ठी देण्याच्या आधीपासून. तू तिच्याकडे बघायचास, मी तुझ्याकडे बघायचो. म्हणून तर चिठ्ठी तुझ्या हातात दिली. दुसऱ्या कोणाच्या हाती दिली असती तर तू मोकळा राहिला असतास."

आमच्या दिवाणखान्यात मुकेशचा आवाज तेवढा राहिला. साठ वर्षे मी ज्या त्यागाला मनातल्या मनात हार घालीत होतो, तो त्याग नव्हताच. माझ्या पायाला दोरी बांधलेली होती आणि मी तिला तोडा समजून मिरवीत होतो! क्षणभर मला बाळ्याचा असा राग आला की विचारू नका. ऐंशीव्या वर्षी राग येतो तो येताना वाटेत दमतो, हे खरे; पण आला. मग मला सुंदरचे ते वचन आठवले. आजवर मी समजत होतो की भोळ्या सुंदरने केवळ विश्वासाने ते मागितले. असेलही. पण ज्याचा पुरता भरवसा असतो त्याच्याकडून आपण शपथ घेतो का? जिथे कुठेतरी पाल चुकचुकते तिथेच शपथ लागते. सुंदरच्या मनात काय होते हे राज कपूर जाणे. बाळ्याच्या मनातले मात्र आता मला कळले होते.

"फार लागलं मनाला," बाळ्या म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. "तिने नाही म्हटलं याचं नव्हे. तू तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी मिसळ घेऊन आलास याचं. दरवर्षी तुझ्याकडे मोदक खायला येतो तेव्हा ठरवून येतो की यंदा सांगायचं. आणि मोदक खाऊन परत जातो."

यावर काय बोलावे? मी त्याचा हात दाबला. त्याचा हात थंडगार होता. इतक्यात मागून ही म्हणाली, "भाऊजी, चहा घ्या. निवतोय." म्हणजे हिने सगळे ऐकले होते. किती वेळ उंबरठ्यात उभी होती, देव जाणे.

चित्रपट संपला. गोपाळ गेला, सुंदर आणि राधा उरली. नातीने विचारले, "आजोबा, याला 'संगम' का म्हणायचं?" मी सांगू लागलो, "प्रयागला तीन नद्या मिळतात. गंगा, यमुना दिसतात. तिसरी सरस्वती गुप्त असते. तसा इथे गोपाळ..."

"गोपाळ कशाला?" ही म्हणाली. "तो तर ढळढळीत दिसतो. त्याच्या त्यागाला टाळ्यासुद्धा पडतात. गुप्त आहे ती राधा."

बाळ्याने उठून हिला नमस्कार केला. "वहिनी, तुम्ही साठ वर्षं आधी आमच्या चाळीत राहायला यायला हवं होतं," असे म्हणत काठी शोधू लागला. जाताना त्याने डबाभर मोदक बांधून घेतले आणि दारात थांबून मला म्हणाला, "पुढच्या वर्षी येऊ ना रे?" जन्मात पहिल्यांदा त्याने हे विचारले. मी म्हणालो, "आला नाहीस तर मी घ्यायला येईन." आमचे क्षमेचे प्रकरण एवढ्यातच मिटले. साठ वर्षांनी मोकळे झालेले दोन म्हातारे यापेक्षा जास्त काय बोलणार?

रात्री निजानीज झाली. समई मंद करून ही माझ्याजवळ येऊन बसली. मी सावध झालो. आता त्या समोरच्या चाळीची उलटतपासणी होणार, असे मला वाटले. पण हिने तो विषयच काढला नाही.

"तुम्ही दोघांनी एकमेकांना माफ केलंत, छान झालं," ही म्हणाली. "पण मी एक विचार करत होते. 1968 साली तुम्ही मला पाहायला आलात. पोहे खाल्लेत. तुमच्या मामांनी माझ्या वडिलांना विचारलं, माझ्या वडिलांनी तुमच्या वडिलांना विचारलं. आठ दिवसांनी मला आईने सांगितलं की ठरलं. मला कोणी विचारलं होतं?"

मी पाहतच राहिलो. या प्रश्नाला आमच्या संसाराएवढे वय होते आणि तो माझ्या कधी मनातही आला नव्हता. गोपाळचे, सुंदरचे, अस्लमचे आणि बाळ्याचे सगळे हिशेब मी मांडून बसलो होतो. माझ्या स्वतःच्या घरात, उंबरठ्यात, हातात फडके घेऊन कोण उभे आहे हे मी पाहिले नव्हते. मी म्हणालो, "मग आता विचारतो. तेव्हा विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

ही उठली. गणपतीपुढची वात सारखी केली, पंख्याचा वारा लागू नये म्हणून समई जरा आत सरकवली आणि म्हणाली :

"सांगेन. चार तासांच्या सिनेमाला दोन मध्यंतरं लागतात, तर माझ्या उत्तराला निदान तेवढी तरी हवीत."

मंडळी, गणपती गेले, नवरात्र झाले, आता दिवाळी आली. घरात चकल्यांचा घाणा चालू आहे. पहिले मध्यंतर अजून संपलेले नाही. मी खुर्ची सोडलेली नाही.